फाटकाबाहेरचा कालकंठ

कालकंठ अजून कंपनीच्या दाराबाहेरच ताटकळत होता. सुधाकरने कुंचला खाली ठेवला.

गेले वर्षभर सांडोरच्या घरी, ओटीवर बसून, तो या रक्तपिपासूची चित्रकथा अंकामागून अंक रेखाटीत आला होता. कालकंठ सज्जन नव्हता. एके काळी त्याने गावकऱ्यांचेच रक्त प्राशन केले होते. आता तो गावाचे पाणी शोषणाऱ्या कंपनीच्या मालकाचा गळा शोधीत होता. शेवटच्या अंकाची पाने छापखान्यात जायची होती. परंतु पहिल्याच अंकात सुधाकरने नियम घालून ठेवला होता: आत बोलावल्यावाचून कालकंठाला कोणाचाही उंबरा ओलांडता येत नाही, एकदा बोलावले, की मात्र पुन्हा विचारावे लागत नाही. आणि त्या मालकाने आपल्या मृत्यूला 'या' का म्हणावे?

"भिंत फोडून घाला आत," त्याची बायको यमुना सुपातले तांदूळ पाखडत म्हणाली. "कोण भांडायला येणार आहे तुमच्याशी?"

"मी भांडेन. नियम मोडून मिळवलेला जय हा जय नव्हे."

"मग बसा नियम चघळत. कंपनी नाही बसायची."

हा टोला वर्मी लागला, कारण कंपनी केवळ चित्रातली नव्हती. तिच्या टँकरांनी पलीकडच्या गावांतली बावखले, केळीच्या वाड्यांमधली ती गोड्या पाण्याची तळी, उपसून शहरात नेली होती. मागे उरले होते मचूळ पाणी आणि वठलेल्या केळी. सांडोरपुरते न्यायालयाने तिला थोपवले होते. पाणी मुबलक आहे हे मोजून दाखवा, मग उपसा, असा हुकूम होता. आणि मोजायचे तर वाडीच्या मालकाने आत येऊ द्यायला हवे. इथली सारी बावखले एकाच झऱ्यावरची. एक मोजले, की सगळी मोजल्यासारखी. म्हणून कंपनीच्या माणसाला फाटकाआत घ्यायचे नाही, असे गावाने एकमुखाने ठरवले होते. सोमवारच्या सुनावणीपर्यंत मोजणी झाली नाही, तर कंपनीचा अर्ज फेटाळला जाणार होता.

"तुझ्या कालकंठानेच आम्हाला शहाणं केलं, सुधाकरभाऊ," शेजारचा सेबॅस्टियन म्हणे. "माझी म्हातारी आता पोस्टमनलासुद्धा 'ये' म्हणत नाही."

सुधाकर हसे, पण रात्री त्याला झोप नसे. या वाडीवाचून त्याला दुसरा आधार नव्हता.

शनिवारी दुपारी फाटकाशी एक मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याला झोळी, हातात कालकंठाचे अंक. वाचून वाचून त्यांच्या कडा झिजलेल्या. कडी काढलेलीच होती, तरी ती आत आली नाही.

"सुधाकरकाका आपणच ना? मी नेत्रा. शहरात, तुळिंजला राहते."

"कंपनीकडून आलीस का ग?" यमुनेने ओटीवरूनच विचारले.

"टँकर चुकला, की आमची आई कंपनीचं जे नाव घेते, ते इथे सांगण्याजोगं नाही, काकू." मग ती सुधाकरकडे वळली. "काका, तिसऱ्या अंकात कालकंठाची सावली पडली आहे. पडायला नको होती."

सुधाकर थक्क झाला. वर्षभरात ती चूक कोणाच्या ध्यानात आली नव्हती. त्याच्या घरातही नाही.

"ये," तो म्हणाला. "आत ये."

तिने चपला काढल्या, ओटीवर बसली आणि अपुरे पान न्याहाळू लागली.

"मालक याला बोलावीत नाही, हीच अडचण ना?"

"हीच. बोलावण्याचे कारणच सापडत नाही."

"हा धमकावतो म्हणून. याने त्याची स्तुती करावी."

"खोटी स्तुती? मालक मूर्ख नाही."

"खरी करावी," नेत्रा शांतपणे म्हणाली. "खोटी तर तुम्हीसुद्धा ओळखाल. मालकाने जन्मभर जे उभारलं, ते याला मनापासून आवडलेलं असावं. तहान ती तहान, काका. आवडण्याने ती भागत नाही."

सुधाकरने पानाच्या कडेला ते टिपून ठेवले. इतकी साधी वाट त्याला दिसली नव्हती.

"पाचव्या अंकात तो ज्या पाण्यात आपलं प्रतिबिंब शोधतो, ते तळं खरं आहे का?" तिने विचारले.

तो तिला केळींच्या सावलीतून बावखलाकाठी घेऊन गेला. वैशाखातही पाणी काठोकाठ होते. मजेने त्याने लांब बांबू उचलला, मधोमध टाकलेल्या फळीवर उभे राहून तळापर्यंत खोचला आणि वर काढला. ओल त्याच्या डोक्याच्याही वर पोचली होती.

"तसेच उभे राहा," नेत्रा म्हणाली. झोळीतून कॅमेरा काढून तिने छायाचित्र घेतले. मग ओंजळभर पाणी प्यायली, डोळे मिटून. "आईसाठी बाटली भरून नेऊ?"

"हे काय विचारणे झाले?"

संध्याकाळी तो झपाटल्यासारखा बसला. अखेरच्या चौकटीत कंपनीचा मालक भारावून खुर्चीतून उठला होता आणि हसतमुखाने म्हणत होता, "या, आत या."

सोमवारी दुपारी सेबॅस्टियनची स्कूटर अंगणात करकचून थांबली.

"गेलं, भाऊ. मोजणी दाखल झाली. कोणाच्या तरी वाडीतली."

"कोणाच्या?"

"कागद अजून वकिलाकडेच आहेत. कंपनीच्या गाड्या मात्र तयारच होत्या. निघाल्यासुद्धा."

सुधाकर ओटीवरून खाली उतरला. "ज्याने आत घेतले त्याचे नाव तेवढे कळू दे, सेबॅस्टियन. त्याच्या घरचे पाणी मी जन्मात पिणार नाही."

रस्त्यावर घरघर उमटली. जाडजूड नळ्यांनी लादलेली गाडी वाड्यांमागून वाड्या ओलांडत आली आणि सुधाकरच्या फाटकासमोर उभी राहिली. पिवळी शिरस्त्राणे घातलेले चौघे उतरले आणि सवयीने बाहेरच थबकले.

त्यांच्या मागून नेत्रा उतरली. या वेळी ती फाटकाशी थांबली नाही.