उजव्या डोळ्यावरचा सेंट

केझाया चहा करायला आत गेली, तसा असाहेल खुर्ची ओढून लेम्युएलच्या तोंडावर वाकला.

लेम्युएल पहाटे गेला होता. पापण्या मिटून राहाव्यात म्हणून दोन्ही डोळ्यांवर सेंट, म्हणजे तांब्याची जुनी नाणी, ठेवली होती. व्हरमाँटच्या त्या डोंगरांत सगळेच ठेवत. डाव्या डोळ्यावरचा सेंट साधा होता. उजव्यावरचा मात्र सेंट पाडायला लागले त्या पहिल्या वर्षीचा, साखळीवाला. हातोहात फिरून त्यावरच्या बाईचा चेहरा ओढ्यातल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. पण पाठीवरची कड्यांची साखळी अजून बोटाला लागायची.

दोघांनाही असल्या झिजलेल्या सेंटांचं वेड. दर रविवारी प्रार्थना आटोपली, की असाहेल खोगिरं शिवून राठ झालेले हात पुसत लेम्युएलच्या पडवीत येऊन बसायचा. लेम्युएल साखळीवाला सेंट त्याच्या तळहातावर ठेवायचा आणि लगेच उचलायचा.

"डोळे भरून बघ. मी मेलो की हा माझ्याबरोबर खाली जाणार. मग खणत बस, उंदरा!"

पेटीचं झाकण ठोकण्याआधी लोक सेंट काढून घेत. पण लेम्युएलनं बजावून ठेवलं होतं, आणि केझायानं उभ्या जन्मात नवऱ्याचा शब्द मोडला नव्हता. ती साखळी आता मातीत जाणार होती.

असाहेलच्या खिशात तसाच काळपट, तसाच गुळगुळीत एक सेंट होता. अगदी साधा. एकदा कामाच्या नादात त्याची कानस लागून कडेला खाच पडली होती, एवढंच.

"असाहेल, साखर किती रे?" आतून हाक आली.

"नको."

"नको? रोज तर माझा डबा रिकामा करतोस!"

त्यानं उजव्या डोळ्यावरचा सेंट उचलला. पापणी किंचित उघडली. आतली पांढुरकी फट त्याच्याकडे बघत राहिली. कपबशी किणकिणली. त्यानं बोटानं पापणी खाली ओढली, आपला सेंट वर ठेवला आणि हात मागे घेतला.

केझाया कप घेऊन दारात उभी होती.

"कसा शांत निजलाय, नाही?"

"हो."

"तुला घाम फुटलाय."

"शेगडी फार तापलीय."

"शेगडी कधीच विझलीय रे." ती नवऱ्याच्या कपाळावरचे केस सारखे करत राहिली. "आज भांडायला कुणी नाही ना तुला."

चहा तसाच ठेवून असाहेल उठला. "पेटी उचलायला माणसं बघतो," म्हणाला, आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी मेपलची लाल पानं पडत असताना लेम्युएलला खाली सोडलं. पेटीवर माती पडू लागली, तसा असाहेलचा श्वास मोकळा झाला. बंडीच्या खिशात त्याचं बोट साखळीवरून फिरत होतं, कड्यामागून कडं.

माणसं पांगली. तो फाटकापाशी पोचला होता.

"असाहेल, थांब."

त्यानं खिशातला हात बाहेर काढला. केझाया जवळ आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"काल तू गेलास, मग माणसं झाकण ठोकायला आली. मी त्यांना थांबवलं."

असाहेलनं विचारलं, "का?"

"त्यानंच सांगून ठेवलं होतं. तुझ्यापुढे सगळा तोरा. मला म्हणाला, झाकण लावायच्या आधी उजव्या डोळ्यावरचा काढ आणि त्या उंदराला दे. म्हणाला, जिवंतपणी दिला असता, तर रविवारी माझ्याकडे कोण आलं असतं?"

तिनं रुमालाची गाठ सोडली. आतला सेंट त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हातांनी मिटवली.

"सांभाळ हं. फार जीव होता त्याचा तुझ्यावर."

असाहेलच्या अंगठ्याला कडेची खाच लागली.