एक, रेघ, चार

यासिराबाईंनी फळ्यावर एक लिहिला, तिरकी रेघ ओढली आणि रेघेपलीकडे चार लिहिला.

"हे काय असेल, सांगा बघू."

"पुढे एक आणि मागे चार," सेनोविया मावशी म्हणाली. "आमचा म्हातारा आणि त्याच्या बायका."

वर्ग पोट धरून हसला. वर्ग कसला, नदीकाठच्या चर्चची पत्र्याची पडवी आणि दुपारचे मासे साफ करून आलेल्या दहा-बारा बायका. सरकारी पुस्तकात पाव हिस्सा शिकवायला केकचं चित्र छापलं होतं. या नदीवर केक कुणाच्या बापानं खाल्लाय? बाईंनी पुस्तक मिटलं, एक मोठं हिरवं केळं घेतलं आणि त्याचे चार सारखे तुकडे केले.

"एका केळ्याचे चार भाग. त्यातला एक. एवढंच लिहायचं असेल तर असं लिहायचं."

तेओफिला मागे बसायची आणि कधी तोंड उघडायची नाही. आज तिनं हात वर केला.

"बाई, औषधाच्या पाकिटावर असं लिहिलेलं असतं तेव्हा?"

"कसं?"

"असंच. एक, रेघ, चार. सकाळी एक गोळी आणि रात्री चार, असंच ना? मी लुसेलीला तशाच दिल्या होत्या."

हसणं जिथल्या तिथं थांबलं. लुसेली तिची थोरली, पाच वर्षांची. इस्टरच्या आधी गेली. तापानं गेली असं सगळा गाव म्हणत होता, आणि तिला पुरण्याआधी याच बायका तिच्या उशाशी बसून रात्रभर गायल्या होत्या.

"नर्सबाईची होडी घाईत होती," तेओफिला म्हणाली. "त्या म्हणाल्या, दिवसातून किती ते पाकिटावर लिहिते, आकडे वाचता येतात ना? मी म्हटलं, येतात की. आमच्या बाईंनी शिकवलेत."

कुणी तिच्याकडे बघेना. सगळ्या बाईंकडे बघत होत्या. सेनोविया मावशीनं मान हलवली, अगदी जराशी. नको, सांगू नको.

बाईंनी ते पाहिलं. पाहिलं नसतं तरी त्यांच्या तोंडून दुसरं काही निघालं नसतं. गेल्या वर्षी याच फळ्यावर त्यांनी एक ते शंभर गिरवून घेतले होते, आणि तेओफिलाला सगळे आले तेव्हा टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आकडा ओळखता आला नसता तर तिनं नर्सला चार वेळा विचारून घेतलं असतं. तेओफिलाची कीव आली म्हणून बाई बोलल्या की स्वतःची कातडी वाचवायला, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनाही ठाऊक नसेल.

"औषधाचं वेगळं असतं," त्या म्हणाल्या. "तिथं तुम्ही वाचलंत तसंच."

"म्हणजे मी बरोबर दिलं?"

"बरोबर दिलंत, तेओफिला. तो तापच वाईट होता."

तेओफिलाचे खांदे खाली आले. किती महिने ती ते वर धरून बसली होती, ते तेव्हा कळलं. शेजारणीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. सगळ्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. बाईंनासुद्धा वाटलं.

मग तेओफिला उठली आणि झग्याला हात पुसले.

"मी निघते बाई. धाकटा हाइदेर कालपासून तापानं फणफणलाय. नर्सबाईंनी त्याच गोळ्या दिल्यात, पाकिटावर तेच लिहिलंय. माझं मन धजत नव्हतं म्हणून तशाच ठेवल्या. सकाळची तर राहिली, आता रात्रीच्या चार तरी देते."

ती पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. बाई क्षणभर जागच्या हलल्या नाहीत. मग त्या धावल्या. चिखलात चप्पल रुतली ती तिथंच राहिली. तेओफिलानं होडी ढकलली होती. बाई मांडीभर पाण्यात शिरल्या आणि त्यांनी होडीची कड पकडली.

"चार नाही. एक गोळी घ्यायची, तिचे चार तुकडे करायचे, त्यातला एक द्यायचा. दिवसातून एकदाच. कळलं का? एक तुकडा."

तेओफिलानं वल्हं थांबवलं.

"औषधाचं वेगळं असतं म्हणालात."

"वेगळं नसतं. मी खोटं बोलले."

तिनं शिवी दिली असती, वल्हं मारलं असतं, तर बाईंनी ते आनंदानं सोसलं असतं. तिनं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि बोटांवर मोजायला सुरुवात केली. गुणाकारात ती नेहमी अडायची. अर्ध्यात थांबून बाईंच्या तोंडाकडे बघायची. आज तिनं मान वर केली नाही.

"सकाळी एक, रात्री चार. पाच गोळ्या," ती पुटपुटली. "एका गोळीचे चार तुकडे. दोन गोळ्यांचे आठ." बोटं संपली तशी ती पुन्हा पहिल्या बोटावर आली. बाई कड धरून उभ्या होत्या. थांबवायला हवं होतं, पण कशानं थांबवणार?

"वीस," तेओफिला म्हणाली. "एक तुकडा द्यायचा होता. मी वीस दिले."

मग तिनं मान वर केली.

"सांगा ना बाई. बरोबर आलं का?"

बाईंनी होडीची कड सोडली.

"बरोबर आलं," त्या म्हणाल्या.