तिसरी नळी

दंडाला पट्टा बांधल्यावर शीर वर यायला साधारण दहा सेकंद लागतात. रात्रीपासून उपाशी असलेल्या वयस्क माणसाची तर शोधावी लागते. या काकूंची तिसऱ्याच सेकंदाला बोटाखाली टपोरी लागली.

“काही खाल्लं-प्यायलं नाही ना, काकू?” रक्तवालीने विचारलं. दवाखान्यात सगळे तिला याच नावाने ओळखत.

“पाण्याचा थेंबसुद्धा नाही.”

श्वासाला चहाचा वास होता.

रक्तवालीने सुई टोचली. काकूंच्या चिठ्ठीवर तपासण्या दोन होत्या, ट्रेमध्ये नळ्या तीन. जांभळ्या झाकणाची, करड्या झाकणाची आणि पांढरी. पांढऱ्या नळीवर नाव नसे, नुसता आकडा. आकड्यामागचं नाव नोंदणी खात्याला ठाऊक असे. संध्याकाळी खात्याची गाडी येई आणि दिवसभराच्या पांढऱ्या नळ्या घेऊन जाई. उद्या कुठे सरकारविरोधी पत्रक सापडलं, पाकिटाच्या डिंकाला कुणाची थुंकी लागलेली असली, तर जुळवून बघायला.

नको म्हणायचा हक्क कायद्यात अजून होता. त्याचा छापील फॉर्मही होता. तिच्या टेबलाच्या खालच्या खणात फॉर्मचा कोरा गठ्ठा पडून होता, रबरबँडसकट. पेशंटने आपणहून मागितला तरच द्यायचा, आपण सांगायचं नाही. ही सूचना लेखी नव्हती. साहेबांनी ती आपल्या काचेच्या केबिनचं दार लावून, तोंडी दिली होती.

पलीकडच्या टेबलावरच्या चष्मेवालीने एकदा एका आजोबांना सांगितलं. आजोबा खात्याचेच निघाले. चष्मेवाली कामावर आली नाही त्याला आज अठरा दिवस झाले होते. तिचा एप्रन अजून खुंटीवर होता, खिशात पेन. तो कुणी काढला नव्हता, आणि तिकडे कुणी बघतही नव्हतं.

रक्तवाली चार महिने रोज सकाळी ठरवत होती, आज सांगायचं. आणि रोज पहिल्याच माणसात काहीतरी खटकायचं. कुणाचे बूट फार नवे, कुणी हसायला फार उतावीळ. संध्याकाळी पांढऱ्या नळ्या चिठ्ठ्यांइतक्याच भरत.

जांभळी नळी भरली. तिने करडी लावली.

“तीन कशाला गं?” काकू ट्रेकडे बघत म्हणाल्या. “डॉक्टर तर साखर आणि हिमोग्लोबिन म्हणाले होते.”

“राखीव नमुना असतो.” हे ठरवून दिलेलं उत्तर होतं.

“असं होय.” काकूंनी आवाज खाली आणला. “रक्तावरून म्हणे पोराबाळांचंही कळतं. खरं का गं ते? माझा धाकटा दोन महिने झाले घरी नाही.”

रक्तवालीचं बोट नळीवर थांबलं. खातं कुणाला पाठवेल, तर अशाच बाईला, हेच वाक्य देऊन. आणि खरोखरच कुणाची आई असेल, तर तीही हेच विचारेल. दोघींतला फरक दाखवणारी कुठलीच चाचणी तिला शिकवलेली नव्हती.

“चहा घेऊन आलात ना, काकू?” ती हळूच म्हणाली.

काकू दचकल्या. मग ओशाळल्यासारख्या हसल्या. “अर्धाच कप. तोही बिनसाखरेचा. अगं बाई, तू रक्त घेतेस की जबानी?”

रक्तवालीला हसू आलं नाही.

करडी नळी भरली. तिने पांढरी उचलली. या नळ्यांमध्ये निर्वात पोकळी असते. सुईला लावली की रक्त आपोआप आत ओढलं जातं, कुणाला काही करावं लागत नाही. काचेपलीकडे साहेबांनी कागदावरून मान वर केली.

तिने पांढरी नळी तशीच ट्रेमध्ये परत ठेवली. सुई काढली, कापसाचा बोळा लावला, काकूंचं दुसऱ्या हाताचं बोट त्यावर नेऊन ठेवलं. खालचा खण अडकला होता, दोनदा ओढावा लागला. रबरबँड वाळून कागदाला चिकटलं होतं. हात लावताच तुटलं.

“दाबून धरा,” ती म्हणाली. मग काचेपलीकडेही ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाली, “काकू, तुम्ही कोण आहात मला ठाऊक नाही. तरी सांगते. ही तिसरी नळी तुमच्या तपासणीची नाही, सरकारी नोंदीची आहे. तिच्यावरून तुमच्या धाकट्याचंही कळतं. तुम्हाला नको म्हणता येतं. म्हणायचं असेल तर इथे सही करा.”