एकच चमचा

पोट फुगून ससा टेबलावर निपचित पडला होता. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला सुई टोचली आणि समोर उभ्या कुटुंबावर नजर रोखली.

"नवं खाणं हळूहळू वाढवा, पहिल्या दिवशी जुन्यात एकच चमचा मिसळा, असं बजावलं होतं ना?"

"एकच घातला मी," आई म्हणाली.

"मीसुद्धा एकच," बाबा म्हणाले.

"मीही," आजी पुटपुटली.

धाकटीने गुपचूप एक बोट वर केलं.

"वा! छान दिवे लावलेत. एका घरात राहता, आणि 'मी घातलं' एवढं सांगायला तोंडाला कुलपं होती?"

"सगळ्यांनी सांगितलं होतं की," धाकटी म्हणाली. "सशाला. आमच्या घरी सगळे त्याच्याशीच बोलतात."