टोल्याचा डास

अल्का मॅडमनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला आणि खुर्ची सोडली. "भूपेंद्रभाऊ, या. बघा तर खरं!"

भूपेंद्र हत्तीरोग विभागातला कीटक समाहारक. गावोगावी घरांत शिरून नळीनं डास पकडायचे हे त्याचं काम, आणि ते फाडून आत रोगाचे जंतू शोधायचे हे मॅडमचं. त्यानं वाकून पाहिलं. काचपट्टीवरच्या मिठाच्या पाण्यात, फाडलेल्या डासाशेजारी, हत्तीरोगाच्या जंतूची केसासारखी बारीक अळी वळवळत होती.

"पाच वर्षांत पहिली," मॅडम खुशीत म्हणाल्या. "अन् तीही कचारगडाकडच्या त्या टोल्यावरून, त्या आडवस्तीवरून. तुमच्याशिवाय तिकडे जाते कोण? आज रात्रीच पथक पाठवते. सगळ्या टोल्याचं रक्त तपासू."

कौतुकानं फुगायचं सोडून भूपेंद्रला घाम फुटला. चोराच्या मनात चांदणं! टोल्यावर तो गेलाच नव्हता, चार वर्षांत एकदाही नाही. एवढा चिखल तुडवत जायचं कोणी? चहा उकळेपर्यंत स्वतःच्याच घरात, खुंटीवरच्या कपड्यांमागचे डास नळीत ओढायचे, कापसाचं बूच लावायचं, चिठ्ठीवर टोल्याचं नाव टाकायचं, की झाली ड्युटी.

मॅडमनी टोल्याच्या पोलीस पाटलाला फोन लावला. भूपेंद्रच्या मनात आधी आली ती नोकरी. त्याच डासांत झोपणारी पोरगी आली ती मागून, आणि त्याच लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोन ठेवा मॅडम," तो म्हणाला. "तो डास टोल्याचा नाही जी. माह्या घरचा आहे."

मॅडमनी फोन बंद केला. "काऊन केलं असं?"

मॅडमनी नळीवरची चिठ्ठी पुढ्यात ओढली.

"घरात कोण कोण झोपते?"

"मी, बायको... अन् रेणू. सहा वर्साची पोरगी आहे जी."

"रात्री तिघांचंही रक्त घेऊ." मॅडमनी चिठ्ठीवरचं टोल्याचं नाव खोडलं. मग पेन खाली ठेवून त्याच्याकडे सरळ पाहिलं. "अन् या डासात आज काहीच निघालं नसतं, तर? पुढच्या खेपेला तरी गेले असते टोल्यावर?"

भूपेंद्रनं मान खाली घातली.

"नाही जी."