पंजासारखं पान

कर्जतच्या फार्महाऊसमागे हाताच्या पंजासारखी पानं दिसताच रुद्रने ती हावरटासारखी ओरबाडली, गच्चीवर वाळवली आणि रविवारी विड्या वळून मित्रांत वाटल्या. वर शिकवणीही घेतली. "गांज्यातलं टीएचसी मेंदूला चढतं, सीबीडी त्याला शांत करतं. घाई करू नका, आधी तरंगल्यासारखं वाटेल."

"तरंगतेय मी!" रिया डोळे मिटून म्हणाली.

"आता कडकडून भूक लागेल. तीही टीएचसीमुळेच."

सगळ्यांना लागली. रुद्रने स्वयंपाकाच्या इंदूबाईंना पानं वाढायला सांगितली.

"वाढते, पन निस्ती डाळ-भाकर हाय," इंदूबाई करवादल्या. "मागं लावलेली माजी अंबाडी कोन्या मेल्यानं ओरबाडून नेली. भाजीला एक पान ठेवलं नाय!"

रुद्रने हातातली विडी हळूच विझवली. रिया मात्र अजून तरंगतच होती.