नवसाचा पहिला घास

घास ओठांपाशी आला आणि अंकितानं तोंड फिरवलं.

मारुतीच्या देवळापुढं दीडशे माणसं पत्रावळी मांडून बसलेली. वांग्याच्या भाजीचा वास सुटलेला, गोवऱ्यांच्या विस्तवातून काढलेले गव्हाच्या कणकेचे रोडगे राख झटकून टोपल्यांत रचलेले. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती पोरगीच तोंड फिरवते! बायकांच्या रांगेतून कोणीतरी "अगं माय!" म्हणालं.

नलूचा हात तसाच अधांतरी राहिला. नातीसाठी हा नवस तिनंच बोलला होता. तेव्हा, दोन वर्षांमागं, पोरगी सात वर्षांची असून चारची दिसायची. खाल्लेलं अंगी लागायचं नाही, पोट नगाऱ्यासारखं आणि हातापायांच्या नुसत्या काड्या. 'माही नात अंगानं भरू दे, तुले पाच पायल्यांचे रोडगे करीन. पहिला घास माह्या हातानं तिले भरवीन, मंगच पंगत जेवन.'

मारुतीनं ऐकलं म्हणा, की वर्ध्याच्या डॉक्टरणीनं शोधलं म्हणा, सिलियाक नावाचा आजार निघाला. त्याला गोळी नाही, इंजेक्शन नाही. फक्त गहू बंद, तोही जन्मभर, कणभरसुद्धा चालायचा नाही. पोरगी अंगानं भरली, पण फेडायचा नवस गव्हाचा! आता काय म्हणावं या कर्माला?

नलूलाही आधी हे पटलं नव्हतं. 'एवढ्याशानं काय होते?' म्हणून तिनं सुनेच्या चोरून एक शंकरपाळा नातीच्या हातावर ठेवला, आणि पोरगी चार दिवस पोट धरून लोळली. तेव्हापासून नलू सुनेपेक्षा कडक झाली. गावच्या चक्कीवर सगळ्यांचा गहू पडतो, म्हणून अंकिताची ज्वारी घरच्या जात्यावर. शाळेत कोणाचा वाढदिवस असला की पोरगी दुसऱ्यांच्या केककडे बघत मुरमुऱ्याचा लाडू खायची आणि घरी येऊन दप्तर फेकायची. मग दप्तर उचलता उचलता आजीही डोळे पुसायची.

आजही तिनं काही कसर ठेवली नव्हती. मारुतीची माफी मागून नातीपुरते दोन ज्वारीचे रोडगे, गव्हाच्या कणकेला हात लावायच्या आधी घरीच थापून, पळसाच्या पानांत गुंडाळून आणले. त्यांना विटा वेगळ्या, गोवऱ्या वेगळ्या. एक तिनं आत्ता फोडला, दुसरा सुनेच्या डब्यात होता.

तरी पोट्टीनं तोंड फिरवलं.

"नलू, हे काई बरं नाई," अण्णाजी पुढं आले. हे नलूचे भासरे, नवऱ्याचे थोरले भाऊ. गावची पंगत त्यांच्याच शब्दावर बसायची आणि उठायची. "नवसाचा घास नाकारला म्हंजे देवाले लाथाडलं. ए पोरी, आ कर! काऊन नखरे करून राह्यली?"

अंकिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ घट्ट मिटलेले. आजीचा पदर ओढून ती हळूच म्हणाली, "आजी, तुह्या हाताले कणिक आहे."

नलूनं हात बघितला. सकाळपासून बायकांसोबत रोडगे वळून वळून कणिक बोटांच्या पेरांत वाळली होती, नखांत रुतली होती. हात धुतले होते, पण घाईघाईत, तांब्याभर पाण्यात. सगळं सांभाळलं आणि भरवायचा हातच विसरली! बाई गं, एवढ्याशा जिवानं हेही बघावं? पोटात भूक, समोर सारं गाव, आणि आजीनं मायेनं घास दिला तरी आधी तिची नखं तपासायची?

"एवढ्याशानं काय होते?" अण्णाजी म्हणाले. "देवाचा प्रसाद हाये, बाधत नाई. घाल तिच्या तोंडात."

हे शब्द नलूच्या ओळखीचे होते. तिचेच होते.

चाळीस वर्षांत ती भासऱ्यापुढं मान वर करून बोलली नव्हती. हातातला घास तिनं पत्रावळीवर ठेवला, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नातीला घेऊन सरळ हापशीकडं निघाली. जाता जाता सुनेला एवढंच म्हणाली, "दुसरा रोडगा डब्यातच राहू दे. कोणाले हात लावू देजो नको."

अंकिता दोन्ही हातांनी हापशीचा दांडा मारू लागली. नलूनं साबण चोळला, काडी घेऊन एकेक नख कोरायला बसली. तिकडं पंगतीत चुळबुळ सुरू झाली. भाजी गार होत चालली होती, पोरं पत्रावळी वाजवत होती.

"दाखव," अंकिता म्हणाली.

नलूनं ओले हात पुढं केले. शाळेत बाई बघतात तशी पोरीनं दहाही बोटं उलटीपालटी करून बघितली.

"अंगठ्यात आहे अजून."

नलू पुन्हा वाकली.

"नलू!" अण्णाजींचा आवाज चढला. "देव ताटकळला ना वो तिकडं!"

"ताटकळू द्या," नलू नखावरची नजर न काढता म्हणाली. "दोन वर्सं मी त्याच्या दारात उभी होती, अण्णाजी. आता पाच मिनिटं त्यानं उभं राहावं."